थंड पाण्यात सर्फिंग: चेन्नईची सवय, आता आयर्लंड. कोणी केलंय का?

मांडवी_ते_गॉलवे

नमस्कार. हा बडोद्याचा फोरम आहे आणि बडोद्याला समुद्र नाही हे माहितीय, पण आपली माणसं कुठे कुठे पोचलीयत आणि मराठीत नीट सांगता येतं म्हणून इथेच विचारते.

मी बडोद्यात मांडवीजवळची. कलाभवन कॉलेजात शिकले, मग नोकरीसाठी पाच वर्षं चेन्नईला होते आणि तिथे ईस्ट कोस्ट रोडवरच्या कोवलम गावात सर्फिंग शिकले. त्याआधी पोहणं तेवढं येत होतं, तेही लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये शिकलेलं. पण एकदा लाटेवर उभी राहिले आणि मग दुसरं काही सुचेचना. पहाटे साडेपाचला पाण्यात, आठला बाहेर, दहाला ऑफिसात. अंगात रॅशगार्ड (पातळ घट्ट टी-शर्ट) आणि शॉर्ट्स, बास. पाणी वर्षभर कोमट, पाण्यात शिरणं याचा वेगळा विचार करावा लागतो हे मला माहीतच नव्हतं.

ऑगस्टमध्ये आयर्लंडला आले, गॉलवेत नोकरी आहे. शनिवारी सव्वा तास गाडी चालवून क्लेअरमधल्या लहिंचला जाते. सप्टेंबरपर्यंत मजेत होते, पाणी १५-१६ डिग्री होतं. आता नोव्हेंबरचा मध्य, १२-१३ वर आलंय आणि माझं सगळंच बिघडलंय. कमरेपर्यंत जाते तोवर ठीक, पण पहिली लाट छातीवर आली की श्वास आत ओढला जातो आणि बाहेर सोडताच येत नाही, धाप लागते, डोक्यात एकच विचार, बाहेर पळ. गेल्या शनिवारी पहिला डक डाइव्ह मारला, म्हणजे येणाऱ्या लाटेखालून बोर्डसकट बुडी मारली, तर कपाळात हातोडा बसल्यासारखी कळ आली आणि मग सगळं गरगरलं, दोन सेकंद वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. तेव्हा मात्र खरंच घाबरले. शिवाय बोर्डवर उभी राहताना पाय सटकतो, चेन्नईत असं कधीच व्हायचं नाही. वीस मिनिटांत बाहेर आले, बोटं इतकी बधिर झाली होती की वेटसूटची, म्हणजे अंगातल्या रबरी सूटची, चेन धरता येईना, पार्किंगमध्ये एका अनोळखी आजीने ओढून दिली. त्या रात्री खोलीत बसून रडले, लपवत नाही. या देशात माझं म्हणावं असं अजून तेवढंच आहे.

वेटसूट ४/३ चा आहे, म्हणजे धडाला ४ मिलिमीटर जाड आणि हातापायांना ३, सेकंडहँड घेतलाय. बूट नाहीत, ग्लोव्ह्ज नाहीत, टोपी नाही. बोर्ड चेन्नईचाच, सहा फूट दोन इंची, पाय सटकू नये म्हणून बोर्डवर लावतात ते वॅक्सही तिथलंच लावलेलं आहे. ऑफिसमधले म्हणतात आता मे महिन्यातच ये पाण्यात. खरंच थांबू का? की शरीराला सवय होते? कोणी यातून गेलं असेल तर सांगा ना.


पॅसिफिका_रिटर्न

ताई, आधी हे ऐका, मे पर्यंत थांबू नका. मी मांजलपूरला परत येऊन चार वर्षं झाली, त्याआधी नऊ वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाली पॅसिफिका गावात होतो आणि हीच चूक मी केली होती, थंडीत बोर्ड गॅरेजमध्ये टाकला आणि एप्रिलमध्ये मोठ्या उत्साहाने गेलो तर पाणी जानेवारीपेक्षा गार. तिकडचं कारण वेगळं आहे, वसंतात वायव्येचा वारा सुटतो आणि किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं. तुमच्याकडचं कारण साधं आहे, समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. तुमचा समुद्र सगळ्यात गार फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, ९-१० डिग्री, आणि मे मध्ये कसाबसा ११-१२ ला येतो. म्हणजे आज जे पाणी तुम्हाला नको झालंय ते मे महिन्यातल्या पाण्याइतकंच आहे, कदाचित थोडं बरंच. सहा महिने थांबून तुम्ही परत याच पाण्याशी येऊन उभ्या राहणार, तेही सवय मोडलेली आणि हात सुटलेले. आत्ता गेलात तर पाणी आठवड्याला थोडं थोडं गार होत जाईल आणि शरीर त्याच्या मागोमाग जाईल.

आता वेटसूट. एक गोष्ट तपासून सांगा, पाण्यात बसलेल्या असताना पाठीच्या खोलगट भागात, कमरेच्या वर, पाणी साचल्यासारखं वाटतं का? आणि प्रत्येक डक डाइव्हनंतर मानेतून गार पाण्याची धार पाठीवर उतरते का? उत्तर हो असेल तर तुमचा अर्धा प्रॉब्लेम तिथेच आहे, सूट मोठा होतोय. लोकांचा समज असा की वेटसूट पाणी आत घेतो आणि ते पाणी अंगाने गरम होऊन ऊब देतं. तसं नाहीये. ऊब देतात ते रबरातले बुडबुडे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे फिजिक्सवाले ह्यू ब्रॅडनर यांनी हेच ओळखलं की माणूस कोरडा राहायची गरज नाही, रबराच्या पोटात गॅस अडकलेला असला की पुरे. आत शिरलेलं पाणी जितकं कमी आणि जितकं जागच्या जागी, तितकं बरं. सारखं बदलत राहिलं तर तुम्ही सबंध समुद्र तापवायला निघाल्यासारखं आहे.

तर नवीन घ्या, ५/४, चेस्ट झिप (चेन छातीवर), टोपी शिवलेलीच घ्या, सांधे चिकटवून आंधळ्या टाक्याने (टाका रबराच्या आरपार जात नाही) शिवलेले बघा. ५/४ म्हणजे धडाला ५ मिलिमीटर, हातापायांना ४. दुकानात घालून बघा, घालताना दहा मिनिटं झगडावं लागलं तर साइज बरोबर. काखेत, कमरेवर, गुडघ्यामागे कुठेही चिमटीत धरता येईल इतकं सैल नको. बूट ५ चे, ग्लोव्ह्ज ३ चे पुरतील. पैसे कमी पडत असतील तर बोर्डवर वाचवा, सूटवर नको.

आणि पाय सटकतो त्याचं कारण वॅक्स आहे हो! चेन्नईचं वॅक्स ट्रॉपिकल, ते मुद्दाम कडक बनवलेलं असतं म्हणजे उन्हात वितळू नये. १२ डिग्रीला ते मेणबत्तीसारखं दगड होतं. नखाने ओरखडून बघा, भुगा पडेल, चिकटणार नाही. सगळं खरवडून काढा, गरम पाण्याच्या कपड्याने पुसा आणि कोल्ड वॉटरचं लावा, ते मऊ असतं. पाय तुमचा चुकत नाहीये.

अजून एक, ५/४, बूट, ग्लोव्ह्ज घातले की खांदे जड होतात आणि पॅडल करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हात मारताना, रबराशी झुंजावं लागतं. सहा-दोनचा बोर्ड बुडल्यासारखा वाटेल. हिवाळ्यापुरता दोन-चार लिटर जास्त आकारमानाचा, म्हणजे जास्त तरंगणारा बोर्ड घ्या.


लालबाग_सकाळी_सहा

मला सर्फिंगमधलं काही कळत नाही पण गार पाण्याचं थोडं कळतं म्हणून लिहितो. वय ६३, चाळीस वर्षं रोज पोहतो.

माझी आजी माघस्नानाला चांदोदला जायची, महिनाभर तिथेच राहायची. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा तिच्याबरोबर होतो. पहाटेचा अंधार, नर्मदेवरून वारा, मी काकडत घाटावर उभा, आणि ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून सावकाश उतरायची. कधीही उडी नाही. आधी पाय, मग ओंजळीने तोंडावर पाणी, मानेच्या मागे, दंडावर, छातीवर, आणि हे सगळं करताना मोठ्याने नद्यांची नावं घेत राहायची. मी विचारलं ओरडतेस का, तर म्हणाली तोंड चालू असलं की थंडी घशात बसत नाही. मला ते कळायला तीस वर्षं लागली. मोठ्याने बोलायचं तर श्वास बाहेर सोडावाच लागतो! तुम्ही लिहिलंय ना की श्वास आत ओढला जातो आणि बाहेर येत नाही, त्याच्यावर हा उपाय आहे. पाण्यात शिरताना बोलत राहा, गा, स्तोत्र म्हणा, काही म्हणा, पण आवाज निघू दे. लाट छातीवर यायच्या क्षणाला फुंकर घातल्यासारखा श्वास लांब सोडायचा.

आणि शिरल्याबरोबर बोर्डवर आडवं होऊन हात मारायला लागू नका. छातीभर पाण्यात दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. ते पहिलं वादळ आपोआप ओसरतं, आपण फक्त थांबायचं असतं. आमच्याकडे जानेवारीत नवीन येणारी मुलं धाडकन उडी मारतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. जी मुलं पायरीवर बसून हळूहळू उतरतात ती वर्षानुवर्षं येतात.


कान_नाक_घसा_कारेलीबाग

लालबागवाले काका, तुमच्या आजींनी अगदी बरोबर सांगितलं होतं. त्याला कोल्ड शॉक म्हणतात, कातडी एकदम गार झाली की शरीर स्वतःहून मोठा श्वास ओढतं, मग भराभर श्वास, नाडी आणि बीपी वर. पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त आणि मग उतरतं. गार पाण्यात माणसं बुडतात ती बऱ्याचदा गारठून नाही, या पहिल्या मिनिटात तोंड पाण्याखाली असताना श्वास ओढला गेल्यामुळे. म्हणून ताई, पहिली दोन मिनिटं डक डाइव्ह नको म्हणजे नकोच.

सवय होते का, तर हो. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा गार डुबक्यांनीच हा पहिला झटका जवळजवळ अर्ध्यावर येतो आणि तो फरक महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे दर शनिवारी एक तास कुडकुडण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा तीन मिनिटं जास्त कामाची. गॉलवेत समुद्र शहरालाच लागून आहे, ऑफिसनंतर कोणाला तरी सोबत घेऊन जा, मानेपर्यंत उभं राहा, श्वास ताब्यात आला की बाहेर. पण नीट लक्षात ठेवा, सवय होते ती झटक्याची. अंगातली उष्णता जायची ती जातेच, पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढतं. म्हणजे आता थंडी वाजत नाही म्हणून तासन्‌तास आत राहायचं असं नाही.

आता गरगरण्याबद्दल, कारण हा माझा प्रांत आहे. वर-खाली कळेनासं झालं ते वाचून मला लगेच आमची कॅलोरिक टेस्ट आठवली. चक्करच्या पेशंटच्या कानात आम्ही ३० आणि ४४ डिग्रीचं पाणी सोडतो, आणि नुसत्या ३० डिग्रीच्या पाण्याने, म्हणजे शरीरापेक्षा सातच डिग्री कमी, माणसाला खोली फिरताना दिसते. तुमच्या कानात १२ डिग्रीचं गेलं, आणि एका कानात आधी किंवा जास्त गेलं की दोन बाजूंचा तोल जुळत नाही. थोड्या वेळात आपोआप थांबतं, पण लाटेखाली ते दोन सेकंद फार मोठे असतात. टोपी आणि सर्फिंगचे इअरप्लग, दोन्ही वापरा. प्लगचं दुसरं कारण असं की गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं लागला की कानाच्या नळीतलं हाड वाढून नळी अरुंद होते, सर्फर्स इअर नावच आहे त्याला. ते हळूहळू होतं, कळतही नाही, आणि एकदा वाढलेलं हाड ऑपरेशनशिवाय जात नाही. पहिल्या वर्षापासून प्लग घातलेत तर ही वेळ यायची शक्यता बरीच कमी होते. आणि एकदा कान दाखवून घ्या तिकडे, पडद्याला भोक वगैरे नाही ना ते बघून घेतलेलं बरं.

बोटांचं विचारते, नुसती बधिर होतात की मेणासारखी पांढरी पडतात आणि मग निळी-लाल? पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना सांगा, तो वेगळा विषय आहे.

बाहेर आल्यावर कढत शॉवरखाली जाऊन उभं राहायचं नाही. पाण्यातून निघाल्यावरही आतलं तापमान काही वेळ उतरतच असतं, त्यात एकदम कढत पाणी घेतलं की बीपी पडून चक्कर येऊ शकते. आधी ओलं काढा, कोरडे गरम कपडे, टोपी, गोड गरम काहीतरी प्या. आणि शर्टाचं बटण स्वतःच्या बोटांनी लावता येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. सव्वा तासाचा रस्ता आहे ना तुमचा.


वाडी_टू_कॉर्नवॉल

मी वाडीतली, गेली सहा वर्षं कॉर्नवॉलला, नर्स आहे, सुट्टीला पाण्यात. पॅसिफिकावाल्या दादांचं सगळं पटलं, टोपीचं सोडून. शिवलेली टोपी पहिल्या वर्षी खूप घुसमटवते, विशेषतः ज्याला आधीच श्वास अडकायची भीती बसलीय त्याला. मी वेगळी टोपी घेतली, जीव घाबरला की मागे ढकलता यायची, दुसऱ्या हिवाळ्यात शिवलेली घेतली. पाणी थोडं जास्त शिरतं हे मान्य. पण भीती जायला ते बरं पडलं.

मला जास्त काळजी वाटली ती भरतीची, त्याबद्दल कोणी बोललं नाही. चेन्नईला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, तिकडे क्लेअरला उधाणाला चार मीटरच्या वर. ताई तू कावी-कंबोईला गेली असशील ना, स्तंभेश्वर महादेवाला? सकाळी चिखलातून चालत जाऊन दर्शन घ्यायचं आणि दुपारी बघावं तर पिंड सोडाच, देवळाभोवती सगळं पाणीच पाणी. मी लहानपणी बाबांचा हात धरून ते पाणी चढताना बघितलंय, लाट अशी येत नाही, जमीनच हळूहळू नाहीशी होते. समुद्र हाच आहे असं समजून चाल. लहिंचला पूर्ण भरतीला वाळू राहत नाही, पाणी वरच्या दगडांना लागतं, तेव्हा आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही वाईट. भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेव, ओहोटी ते अर्धी भरती ही नवख्याची वेळ. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो तेही त्यात धर.

हिवाळ्यात लाइफगार्ड नसतात. एकटी जाऊ नकोस, निदान पाण्यात आधीच दोन-चार जण असतील तेव्हाच जा आणि ओळख काढ, गार पाण्यातली माणसं चांगली असतात, चेन तर लावून देतातच. रिपमध्ये, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात, सापडलीस तर बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, आधी श्वास, मग किनाऱ्याला समांतर. फोनवर कोस्टगार्डसाठी ११२. आणि पहिला महिना फेसाळ पाण्यातच राहा, बाहेर जिथे लाटा फुटायला लागतात त्या लायनीला जाऊ नकोस. तुला येतं म्हणून कमीपणा वाटेल, मला वाटला होता, पण तिथे पाय टेकतात आणि दमली की चालत बाहेर येता येतं.


मांडवी_ते_गॉलवे

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, ऑफिसात वाचताना डोळे भरून आले. पाठीत पाणी साचतं, अगदी बरोबर, तळं असतं तिथे. बोटं पांढरी पडत नाहीत, लाल होतात आणि मग ठणकतात. वॅक्स नखाने ओरखडलं, भुगाच पडला! जुना सूट मात्र लगेच टाकवत नाही, काखेत शिवण उसवलीय, ती चिकटवून उन्हाळ्यासाठी ठेवता येईल का? कशाने चिकटवतात?


रबरवाला_मकरपुरा

बेटा, हा प्रश्न माझा. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ३५ वर्षं रबराचं काम करतो, ट्रान्सफॉर्मरची गॅस्केट, सील, निओप्रीनच्या शीट. सर्फिंग टीव्हीवर पाहिलंय फक्त पण हे रबर हातातून रोज जातं.

निओप्रीन १९३० साली अमेरिकेत ड्युपॉन्टच्या लॅबमध्ये निघालं, तेल आणि हवामान सोसणारं रबर म्हणून. तुझ्या सूटमध्ये तेच, पण फुगवलेलं, आत लाखो बंद पोकळ्या आणि त्यात गॅस. आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. गॅस्केट दोन फ्लँजच्या मध्ये वर्षभर दाबून ठेवलं आणि मग काढलं की ते परत मूळ जाडीला येत नाही, त्याला आम्ही कॉम्प्रेशन सेट म्हणतो. सूटचंही तसंच, घडी घालून वर वजन ठेवलं किंवा बारीक हँगरवर खांद्यातून टांगलं की तिथल्या पोकळ्या बसतात त्या बसतातच. तेव्हा सेकंडहँड सूट विकत घेताना लेबलवरचे ४/३ बघायचे नाहीत, चिमटीत धरून बघायचं. गुडघा, खांदा आणि बसायची जागा, तिथे कापडासारखं पातळ लागलं तर तो ४ चा राहिलेला नाही, लेबल काहीही म्हणो.

चिकटवायला निओप्रीन सिमेंट मिळतं, काळं, ट्यूबमध्ये, त्यात हेच रबर विरघळवलेलं असतं म्हणून ते एकजीव होतं. पद्धत महत्त्वाची. आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव, मीठ राहिलं तर धरणार नाही. दोन्ही कडांना पातळ हात मार, आणि थांब. सगळे इथेच घाई करतात. दहा-पंधरा मिनिटं, बोट लावलं तर चिकटणार नाही पण ओढ लागेल इतकं सुकलं पाहिजे. मग दुसरा पातळ हात, परत थांब, मग कडेला कड बरोबर लावून जोरात दाब, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. वजन नको, बोटांनीच दाबत जा. एक दिवस हात लावू नकोस. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

धुताना गरम पाणी नको, मशीन नको, उन्हात वाळत घालायचं नाही, रबर कडक होतं. कमरेतून दुमडून जाड दांड्यावर टाक, आधी उलटं करून आतली बाजू, मग सुलटं.


मांडवी_ते_गॉलवे

मंडळी, महिन्याने परत आले सांगायला.

५/४ घेतला. घालायला खरंच दहा मिनिटं लागतात आणि काढायला त्याहून जास्त. टोपी वेगळीच घेतली, वाडीवाल्या ताईंचं ऐकलं. बूट, ग्लोव्ह्ज, प्लग सगळं घेतलं, पगारातलं बरंच गेलं पण त्याचं वाईट वाटत नाही.

ऑफिसमधली एक पोलिश मैत्रीण आहे, ती आधीच रोज डुबकी मारायची, तिच्याबरोबर आठवड्यातून तीनदा संध्याकाळी जायला लागले. पहिल्या दिवशी मानेपर्यंत गेले आणि तोंडातून आवाजच फुटेना. मग काकांच्या आजींची आठवण झाली आणि मी मोठ्याने स्टेशनपासून मांडवीपर्यंतची नावं म्हणायला लागले, सयाजीगंज, कमाटीबाग, रावपुरा, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी. तिला वाटलं प्रार्थना आहे. पहिल्या दिवशी मांडवीपर्यंत पोचायला चारदा परत सुरुवात करावी लागली, श्वास मधेच तुटायचा. सहाव्या-सातव्या वेळेला एका दमात सयाजीगंज ते रावपुरा झालं आणि माझ्या लक्षात आलं की छाती धडधडत नाहीये. पाणी तेव्हा ११ डिग्री होतं, म्हणजे आधीच्यापेक्षा गारच.

लहिंचला तीन शनिवार फेसाळ पाण्यातच होते, भाड्याचा मोठा फोम बोर्ड घेऊन. कमीपणा वाटला, खोटं नाही बोलत. पण चौथ्या शनिवारी बाहेर गेले. दोन मिनिटं उभी राहिले, नावं म्हटली, मग पॅडल. पहिला डक डाइव्ह, कपाळात कळ आली, पण गरगरलं नाही, वर कुठे ते कळत होतं. वर आले तर पाठीवर धार नाही, फक्त गालांना झोंबत होतं. मग एक लाट मिळाली, डावीकडे जाणारी, छातीएवढी, पाय जिथे ठेवला तिथे राहिला. चेन्नईच्या लाटेपेक्षा सावकाश उचलते ही आणि मग लांबवर चालत राहते. पन्नास मिनिटं होते आत.

बाहेर आल्यावर बोटं अजूनही ठणकतात, ग्लोव्ह्ज ३ चे आहेत, जानेवारीत तीन बोटांचे ५ वाले घ्यावे का असा विचार चाललाय. घरून पाच लिटरच्या कॅनमध्ये सोसवेल इतकं गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून नेते, सूट उतरवताना मानेतून ओतते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली आजीच्या बंबाची आठवण झाली. थर्मासमध्ये मुगाची पातळ खिचडी. बटणं लावून होईपर्यंत गाडीत ती खाते. त्या पार्किंगवाल्या आजी परवा भेटल्या, त्या ७१ वर्षांच्या आहेत आणि रोज पोहतात, त्यांनाही दिली, त्यांनी डबा चाटून पुसून परत केला.

रबरवाले काका, शिवण चिकटवली, दुसऱ्या हातानंतर मी पाचच मिनिटं थांबले आणि काखेत परत सुटली. परत करतेय. गुडघ्यापाशी चिमटीत धरलं तर खरंच कापडासारखं लागतं.


रबरवाला_मकरपुरा

पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा, आणि तिकडे हवा दमट आहे म्हणून वीस धर. आधीचं सिमेंट पूर्ण खरवडून काढ, त्याच्यावरच लावू नकोस. उत्तरायणला तिकडून कोणी येत असेल तर गुडघ्याजवळचा इंचभर तुकडा पाठव, कापून किती जाडी उरलीय ते मोजून सांगतो.